दुसरा डोळा

‘बाबा, तुमी जरा गप बसा ना. मामाले बोलू द्या,’ मैना म्हणाली, आणि पेजेचा चमचा तिच्या ओठांपाशी नेलेला माझा हात तसाच थांबला. ती रागाने बोलली नव्हती. सार्वजनिक नळावर मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला बायका ‘सरका जरा’ म्हणतात, तशी बोलली. मी अकोल्याच्या नगरपालिकेत पाणी सोडण्याच्या कामावर आहे. कोणत्या गल्लीची चावी किती वाजता फिरवायची हे मला ठाऊक, आणि त्या वेळी मी तिला तेच सांगत होतो. जुन्या शहरात सकाळी सहाला, ताजनापेठेत सातला. दुसरं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. ती बोलली त्याच्या आधीच दारातून चपला काढल्याचा आवाज आला होता आणि मैनाचा चेहरा त्या बाजूला वळू लागला होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या होत्या म्हणून वळला नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. तिला दिसत काही नव्हतं, पण पाऊल तिने ओळखलं होतं. मी सकाळपासून चार वेळा आतबाहेर केलं होतं, चारही वेळा तिने ‘कोन हाय?’ विचारलं होतं.

मैनाचा मामा, म्हणजे नत्थुजी, स्टुलावर बसला. बडनेऱ्याहून शटलगाडीने तो रोज साडेचारला अमरावतीच्या या दवाखान्यात यायचा. रेल्वेत होता. गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके मारत जायचं आणि आवाजावरून तडा ओळखायचा, हे त्याचं काम. हात नेहमी तेलकट. पण आत येण्याआधी तो व्हरांड्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा, आणि धोतराला न पुसता तसेच वाळू द्यायचा. पहिल्यांदा आला तो ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी. दाराशी उभा राहिला, कोणाकडे पाहावं हे कळत नसल्यासारखा, आणि आया गंगूबाईला म्हणाला, ‘माही बायको अठी हाय म्हनते.’

त्याची बायको सत्यवती सोमवारी सकाळी बायकांच्या वॉर्डात हृदयाच्या आजाराने गेली. वय तीस, मूलबाळ नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला व्हरांड्यात गाठून विचारलं, तो म्हणाला, ‘घ्या.’ हे मला गंगूबाईने सांगितलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी एका डोळ्याचा पडदा मैनाच्या उजव्या डोळ्यावर बसवला. मैनाला तीन वर्षांची असताना देवी आल्या. डावा डोळा तेव्हाच आत बसला आणि उजव्यावर पांढरं फूल पडलं. त्या दिवसापासून तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. डॉक्टरांनी मला आपल्या मनगटावरचं घड्याळ दाखवून समजावलं होतं. ‘काच खराब झाली तर आपण काच बदलतो. आतले काटे तेच असतात. डोळ्याचं असंच. वरची काच दुसऱ्याची, आतलं सगळं तुमच्या मुलीचं.’ मी मान हलवली होती. नत्थुजीला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं, सत्यवतीचा आख्खा डोळा माझ्या पोरीच्या पट्टीखाली आहे. मी सांगू शकलो असतो. तो रोज माझ्यासमोर दीड तास बसायचा.

रडायचं नाही, हा मोठा नियम. खोकायचं नाही, जोरात हसायचं नाही, चावायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, पण सगळ्यात मोठा नियम रडायचा. केसापेक्षा बारीक टाके होते. डॉक्टर म्हणाले, ‘रडली तर टाके सुटतील आणि काच सरकेल. तुम्ही बाप आहात, हे काम औषधाचं नाही, तुमचं आहे.’ आई जाऊन नऊ महिने झालेली पोरगी, तिला अठरा दिवस रडू द्यायचं नाही. हात डोळ्याकडे जाऊ नयेत म्हणून ते पट्टीच्या चिंध्यांनी खाटेला बांधले होते. मी जवळ असलो की सोडायचो आणि आपल्या हातात धरून ठेवायचो. तिचा खालचा ओठ थरथरू लागला की मी तिचे हात घट्ट धरायचो. मी म्हणायचो, ‘मैना, नाही हं, रडायचं नाही,’ आणि ते ऐकून तिला जास्तच रडू यायचं. दुसऱ्या दिवशी तर मी तिच्यावर ओरडलो. तिने ओठ आत ओढून घेतला आणि श्वास कोंडून पडून राहिली. तिची छाती वरखाली होत होती आणि मी पट्टीकडे पाहत होतो, ओली होते का. त्या दिवशी ओली झाली नाही. पण ती मला भ्याली म्हणून झाली नाही, हे मला कळलं होतं.

नत्थुजी तिला कधी ‘रडू नको’ म्हणाला नाही. तो सत्यवतीने काय काय पाहिलं होतं ते सांगायचा. पहिल्या दिवशी त्याला काय बोलावं सुचेना, तेव्हा मैनानेच विचारलं, ‘तुमच्या बायकोनं वाघ पायला होता काय?’ तो म्हणाला, ‘वाघ नाही पायला. उंट पायला होता. कौंडण्यपूरच्या जत्रेत. वर्धेच्या पात्रात उभा होता अन् उभ्या उभ्या मान खाली घालून पानी पेऊन राहिला होता.’ ‘मंग?’ ‘मंग तिनं त्याले केळं देल्लं. त्यानं केळं नाही खाल्लं, तिचा पदर खाल्ला.’ मैनाला हसू फुटणार तोच तो म्हणाला, ‘आता हसू नको. पट्टी सुटली का हस. मी राखून ठेवतो.’ आणि ती खरंच हसू तोंडात धरून राहिली. नंतर तो नागपूरची गोष्ट सांगायचा. छप्पन साली ती दोघं नागपूरला दीक्षेला गेली होती. सगळे लोक पांढऱ्या कपड्यांत, इतके की खालची जमीन दिसत नव्हती. सत्यवती एका खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, डोळ्यात मावत नाही. ‘किती पांढरं?’ मैना विचारायची. तिला पांढरं माहीत होतं. तीन वर्षं तिच्या डोळ्यासमोर तेच होतं. ‘तसं नाही बाई, हलतं पांढरं,’ नत्थुजी म्हणायचा. आणि मैना पट्टीखाली ते पाहत असल्यासारखी गप्प व्हायची. एकदा तिने मला विचारलं, ‘बाबा, पट्टी सुटली की मले पयले मामीनं पायलेलं दिसन का आपलं?’ मी म्हणालो, ‘आपलं.’ ती म्हणाली, ‘मामीचा डोळा हाय नं पन. त्याले मामाच वळखू येतीन पयले.’

मामा हा शब्दही तिनेच ठरवला. मामा म्हणजे आईचा भाऊ. शकुनला भाऊ नव्हता. एका परक्या माणसाला माझ्या मेलेल्या बायकोचा भाऊ करून तिने खाटेशेजारी बसवलं. आमच्याकडच्या लोकांना हे कळलं तेव्हा ते जातीचं बोलले. आमचं घर मूळचं बाळापूरकडचं, फुलं आणि भाजी पिकवणाऱ्यांचं. माझा एक चुलता पाहायला आला, खाटेला हात न लावता उभा राहिला आणि ‘कोनाचा हाय डोळा?’ एवढंच विचारून गेला. मला त्यातलं काहीच वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मला साडेचार वाजले की जे वाटायचं ते जातीचं नव्हतं. त्या माणसाची बायको गेली होती, माझीही गेली होती. त्याला शटलमध्ये बसून तिच्याकडे यायला जागा होती. मला नव्हती. तो माझ्या पोरीच्या तोंडाकडे पाहायचा तेव्हा त्याचा चेहरा घरी आलेल्या माणसासारखा व्हायचा. मी त्याच तोंडाकडे पाहायचो तर मला पट्टी दिसायची. माझ्या घरात दुसऱ्याची बायको राहायला आली आहे आणि तो तिला भेटायला येतो आणि मी दार उघडून देतो, असं काहीतरी वाटायचं. मी त्याला चहा द्यायचो. तो बशीत ओतून प्यायचा आणि बशी स्वतः विसळून ठेवायचा. त्याचा मला आणखीच राग यायचा. वाईट वागला असता तर बरं झालं असतं.

हे माझ्यात नवं नाही. शकुनने हे आठ वर्षं सोसलं. तिचे डोळे घारे होते. माळ्याच्या घरात घारे डोळे कोठून आले म्हणून लग्नात बायकांनी तिची थट्टा केली. मला ती थट्टा लागली, तिला नाही. रस्त्याने कोणी एकदा पाहून दुसऱ्यांदा पाहिलं की मी त्या माणसाचं तोंड लक्षात ठेवायचो. बांगड्या भरणारा कासार महिन्या-दोन महिन्यांनी गल्लीत यायचा, साठीचा म्हातारा, बोटं वाकडी झालेली. तो शकुनचा हात आपल्या मांडीवर घेऊन हळूहळू दाबत बांगडी चढवायचा. मी ओट्यावर बसून पाहायचो. एकदा मी म्हणालो, ‘पटकन भर नं बुवा.’ तो हसून म्हणाला, ‘पटकन भरली तं फुटन, जानराव. हात तुमच्या बायकोचा कापंन.’ शकुन हसली. मी त्या दिवशी जेवलो नाही. तिने दोनदा ताट वाढलं आणि तिसऱ्यांदा म्हणाली, ‘तो म्हातारा मले पोरी म्हन्ते. तुमाले तेवढंबी ऐकू येत नाही का?’ ऐकू यायचं. पण मी तिच्याकडे कोण पाहतं तेवढंच पाहत राहिलो. ती काय पाहते हे कधी विचारलं नाही. मैना नत्थुजीला विचारायची तसं तिने एकदा मला विचारलं, ‘माह्या आईनं काय काय पायलं होतं?’ मी पुष्कळ आठवून पाहिलं. मला ती दिसत होती, पाटावर, नळावर, दारात. पण ती जिकडे पाहत होती तिकडे काय होतं, ते एकदाही दिसेना. मी म्हणालो, ‘तुले पायलं होतं.’ मैना म्हणाली, ‘ते तं सगळेच पायतेत.’

आणि फेब्रुवारीतली ती सकाळ. शकुन दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी अमरावतीला आली होती. बाळ आतच गेलं आणि रक्त थांबेना. याच दवाखान्यात ती गेली. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होतो. शकुनची मावशी गोदाबाई मैनाला मांडीवर घेऊन खाली बसली होती. तेव्हा हेच डॉक्टर आले. मैनाचा डोळा त्यांनी महिन्याआधी तपासला होता आणि म्हणाले होते, कोणाचा पडदा मिळाला तर हा डोळा उघडेल, नाव लिहून ठेवतो. ते माझ्याजवळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘जानराव, ही वेळ विचारायची नाही. पण मला आत्ताच विचारावं लागतं. तुमच्या बायकोचे डोळे मुलीला उपयोगी पडतील. एक मुलीला, आणि दुसरा त्याला.’ त्यांनी मान वळवली. बाकावर एक तरुण बसला होता. शेषराव त्याचं नाव, हे मला नंतर कळलं. गवंड्याच्या हाताखाली काम करताना कळीचा चुना दोन्ही डोळ्यांत उडाला होता. बावीस-तेवीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, दाट केसांचा. डोळे पांढरे. व्हरांड्यात चाललेली रडारड त्याच्या कानावर येत होती म्हणून तो मान खाली घालून बसला होता, पण मधूनच बोटांनी मांडीवर ताल धरत होता, सवयीने. मी त्याच्याकडे पाहिलं. त्या तोंडात शकुनचा घारा डोळा मी पाहिला. तो उद्या लग्न करील, बायकोकडे त्या डोळ्याने पाहील, रस्त्याने दुसऱ्या बायांकडे त्या डोळ्याने पाहील. एका परक्या गड्याच्या तोंडात माझी बायको. मी म्हणालो, ‘नाही.’

डॉक्टर म्हणाले, ‘मुलीसाठी तरी?’ मी म्हणालो, ‘ती अहेव चालली. तिच्या डोळ्यात काजळ घालावं लागते.’ आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला हिरव्या बांगड्या भरतात, मळवट भरतात, ओटी भरतात, डोळ्यांत काजळ घालतात, हे खरं आहे. पण गोदाबाई खाली बसल्या बसल्या म्हणाली, ‘काजळाचं काय घेऊन बसला, जानराव? पापनीले वरून लावू. पोरीले आईचा डोळा भेटते, दे.’ रूढी सांगणारी म्हातारी दे म्हणत होती आणि मी तिच्याच रूढीमागे लपलो होतो. एकच डोळा द्या, असं डॉक्टर म्हणाले असते तर? ते म्हणाले नाहीत, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काय दुखतं ते उघड झालं असतं. मी पुन्हा म्हणालो, ‘काजळ डोळ्यातच घालावं लागते.’ घरी नेल्यावर गोदाबाईने काजळाचं बोट शकुनच्या डोळ्यांतून फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. गल्लीतले लोक म्हणाले, जानरावाने सगळं रीतीप्रमाणे केलं. मैना नऊ महिने आणखी आंधळी राहिली. तो शेषरावही राहिला. आणि नत्थुजीने एका शब्दात दोन्ही दिले.

दोन्ही. कारण दुसरा शेषरावालाच मिळाला. तो पलीकडे पुरुषांच्या वॉर्डात वाळूच्या पिशव्यांमध्ये पडला होता. नत्थुजी आमच्याकडून उठला की सहाच्या शटलआधी पंधरा मिनिटं त्याच्याकडे जायचा. एकदा मी विचारलं, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून, ‘तुमाले काही वाटत नाही का? जवान गडी हाय तो.’ नत्थुजीला माझं बोलणं कळायला वेळ लागला. मग तो हसला. ‘वाटते नं. त्याले बिडीची सवय हाय. खोकला आला तं टाके जातीन. तिले बिडीचा वास चालत नव्हता. म्या त्याले सांगतलं, आता सासरवाडीचा डोळा हाय, बिडी सोड.’ गंगूबाई दारात उभी राहून हसली. मैनाही हसू लागली आणि तिने ओठ मिटून घेतले. मी हसलो नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यात कोठेतरी माझ्यासारखं काही असेल, दाबलेलं, म्हणून शोधत होतो. नव्हतं. किंवा मला दिसलं नाही.

तेराव्या दिवशी तो जाताना म्हणाला, ‘जानरावजी, उद्यापासून माही ड्युटी बदलली. दुपारची लागली. आता येता येत नाही. पट्टी कोन्या दिवशी सुटते? त्या दिवसाची सुट्टी मांगतो.’ डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, येत्या गुरुवारी टाके काढायचे, ठीक असेल तर शनिवारी घरी. मी म्हणालो, ‘सोमवारी. येत्या नाही, त्याच्या पुढच्या.’ ‘पक्कं?’ ‘पक्कं. सोमवारी सकाळी.’ त्याने बोटांवर दिवस मोजले. ‘मंग सोमवारची सुट्टी मांगतो. मैनाबाई, सोमवारी हं.’ ‘राखून ठेवलेलं हसू आना,’ मैना म्हणाली. तो गेला. गंगूबाई चादर बदलत होती. तिने चादरीचा कोपरा खाटेखाली खोचला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘जानरावजी, डॉक्टर तं गुरुवार म्हने.’ ‘असंन.’ ‘त्याच्या बायकोचा डोळा पोरीत ठेवता, अन् त्याले दिवस खोटा सांगता?’ मी पेजेचा वाडगा विसळायला उचलला. ‘मले काय करायचं,’ ती म्हणाली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. पुढचे चार दिवस तिने मला हाक मारली ती फक्त ‘ओ’ अशी.

ते चार दिवस मैना माझी होती, आणि मी ते दिवस मनातून मागितलेले असूनही मला ते पेलले नाहीत. साडेचारला ती कान द्यायची. चपलांचा आवाज आला की श्वास रोखायची. मी उंटाची गोष्ट सांगून पाहिली. ‘असं नाही,’ ती म्हणाली, ‘उंट उभ्या उभ्या पेत होता. तुमी बसवला.’ मग मी तिचा हात धरून बसायचो. तिसऱ्या दिवशी तिने आपणहून माझ्या बोटांवरून बोट फिरवलं, चावी फिरवून पडलेल्या घट्ट्यांवरून, आणि विचारलं, ‘बाबा, ताजनापेठेत पानी किती वाजता सोडतेत?’ ‘सातला.’ ‘तुमी अठी हाय तं कोन सोडते?’ ‘दुसरा सोडते.’ ‘त्याले जमते का?’ ‘जमते.’ ‘पन तुमच्यासारखं नसंन,’ ती म्हणाली. तेवढ्यावर मी तो दिवस काढला.

गुरुवारी डॉक्टरांनी खिडकीला पडदा लावून टाके काढले आणि मला समोर उभं केलं. मी मुद्दाम दाढी करून आलो होतो. पट्टी निघाली. पापणी सुजलेली, चिकटलेली. सिस्टरने कापसाने पुसली. ती हळूहळू उघडली आणि मला शकुन दिसली. पांढरं काही उरलं नव्हतं. घारा, ओला डोळा, बुबुळाच्या कडेला तोच तपकिरी ठिपका. मैना जन्मली तेव्हा तो होता, देवींनी तीन वर्षं झाकून ठेवला होता आणि मी विसरून गेलो होतो. काच दुसऱ्याची, आतलं तुमच्या मुलीचं. मला एकदम वाटलं, मी जिंकलो. कोणाशी, ते तेव्हा मनात आलं नाही. मैना माझ्याकडे पाहत होती, खूप वेळ, कपाळाला आठी घालून. डॉक्टर म्हणाले, ‘कोण आहे?’ ती म्हणाली, ‘बाबा हायेत. आवाज येऊन राहिला ना त्यायच्या श्वासाचा.’ मग म्हणाली, ‘पन बाबा असे नव्हते.’ तिच्या आठवणीत मी तीन वर्षांपूर्वीचा होतो, शकुन असतानाचा.

शनिवारी आम्ही निघालो. तिच्या डोळ्यासमोर हिरव्या कापडाची झापड कपाळाला बांधली होती. अकोल्याला जायला अमरावतीहून शटलने बडनेऱ्याला उतरून मोठ्या लाइनची गाडी धरावी लागते, याला इलाज नव्हता. मी दुपारची गाडी निवडली, मग आठवलं की त्याची ड्युटीच दुपारची. तेव्हा तिकीट काढून झालं होतं. गाडी आली. मी मैनाला उचलून डब्यात घातलं, खिडकीशी बसवलं आणि गाडी हलण्याची वाट पाहू लागलो. मागच्या डब्यांकडून ठोके ऐकू येऊ लागले. लोखंडावर लोखंड, एक, मग थोडं थांबून दुसरा. मैनाने माझा हात सोडला. ‘बाबा, मामा!’ आणि मी काही म्हणायच्या आत खिडकीतून ओरडली, ‘मामा!’

नत्थुजी खिडकीखाली आला, खांद्यावर हातोडी. आधी त्याला काहीच कळेना. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. मी म्हणालो, ‘डॉक्टरानं लवकर सोडली.’ तो म्हणाला, ‘बरं झालं. मी सोमवारची सुट्टी घेतली होती. आता झोप काढतो.’ त्याने हातोडी खाली टेकवली, हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले आणि विचारलं, ‘पाहू का?’ मी झापड वर केली. तो बराच वेळ पाहत राहिला. त्याची मान एकदा या बाजूला झाली, एकदा त्या बाजूला. ‘सत्यवतीचे काळे होते,’ तो म्हणाला.

तेव्हा मी सांगितलं. सोळा दिवस दाबून ठेवलेलं, आणि खरं म्हणजे त्याचं तोंड उतरलेलं मला पाहायचं होतं म्हणून सांगितलं. ‘हा रंग माह्या पोरीचा हाय. तिच्या आईचा हाय. तुमच्या बायकोची नुसती वरची काच लावली. डॉक्टरानं मले पयलेच सांगतलं होतं.’ ‘काच?’ ‘घड्याळाची असते तशी.’ ‘मंग ती यात दिसतच नाही?’ ‘नाही. काच काही दिसत नसते.’ तो खिडकीची सळई धरून उभा राहिला. त्याचं तोंड उतरलं. मी पाहिलं, आणि जसं वाटेल असं वाटलं होतं तसं मला वाटलं नाही. डब्यातले लोक आमच्याकडे पाहत होते. मग त्याने मैनाला विचारलं, ‘तुले दिसते का पन, बाई?’ ‘दिसते.’ ‘काय दिसते?’ मैना त्याच्याकडे नीट पाहत म्हणाली, ‘तुमाले मिशा हायेत. मले वाटलं नव्हत्या.’ तो हसला आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं. पाठमोराच मला म्हणाला, ‘जानरावजी, पुढं पोरीले दवाखान्यात दाखवाले आनसान तं सांगत जा. खरा दिवस.’

शिट्टी झाली. गाडी हलली. मी त्याला अकोल्याचा पत्ता ओरडून सांगितला, गल्ली, नळाची खूण, सगळा खरा. त्याला ऐकू आला की नाही माहीत नाही, पण त्याने हातोडी वर केली. मैना खिडकीच्या सळयांना तोंड लावून मागे पाहत होती. गाडीने वेग घेतला तरी पाहत होती. वारा लागेल, धूळ जाईल, असं मी म्हणालो आणि बाकावरून सरकून तिच्या आणि खिडकीच्या मध्ये वाकलो. माझं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. तो घारा डोळा एवढ्या जवळून माझ्याकडे पाहत होता, मला पाहिजे होता तसा, मध्ये कोणी नव्हतं. मैनाने माझ्या गालावर हात ठेवला आणि तोंड हळूच एका बाजूला लोटलं.

‘बाबा, बाजूले व्हा नं,’ ती म्हणाली. ‘दिसत नाही.’

मी बाजूला झालो.